१७४० चं क्वेकर घर: काय पाडू नये आणि आधी कशाला हात घालावा

तुमचा प्रश्न लांब आहे, म्हणून मला कळला तसा आधी थोडक्यात मांडते, काही चुकत असेल तर सांगा. फिलाडेल्फियाच्या बाहेर तुमच्या टाउनशिपमधे (म्हणजे गावपातळीवरच्या स्थानिक सरकारच्या हद्दीत) १७४० च्या आसपासचं एक दगडी घर आहे, एकाच क्वेकर (साधेपणावर भर देणारा एक ख्रिस्ती पंथ) कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेलं. तिथे राहणाऱ्या शेवटच्या आजी मागच्या वर्षी गेल्या आणि त्यांचे भाचे-पुतणे घर टाउनशिपला द्यायला तयार आहेत. तुम्ही तिथल्या ऐतिहासिक समितीवर नवीन आहात. समितीतल्या बऱ्याच जणांचं म्हणणं असं की मागची एकोणिसाव्या शतकातली लाकडी विंग आणि पोर्च पाडायचा, बाहेरचा गिलावा खरवडून दगड उघडा करायचा, घर "१७४० सारखं" करायचं आणि म्युझियम म्हणून उघडायचं. तुम्ही विचारताय हे बरोबर आहे का, आणि सुरुवात कुठून करायची.

मी डेलावेअर नदीच्या दोन्ही बाजूंना, म्हणजे पेनसिल्व्हेनिया आणि न्यू जर्सीत, जुन्या इमारतींच्या जतनाचं काम बरीच वर्षं करतेय, त्याआधी पुण्यात वाड्यांवर केलंय. त्या अनुभवावरून सांगते, तुमच्या समितीने तीन वेगवेगळे प्रश्न एका गाठोड्यात बांधलेत. घर टिकवायचं कसं हा एक. ते कुठल्या काळातलं दाखवायचं हा दुसरा. आणि त्याचं म्युझियम करायचं का हा तिसरा. हे याच क्रमाने सोडवायचे असतात, पण बहुतेक ठिकाणी लोक तिसऱ्यापासून सुरू करतात, उद्घाटनाची तारीख ठरते, मग पैसे भिंती सजवण्यात जातात आणि छप्पर तसंच गळत राहतं. माझं स्पष्ट मत विचाराल तर आत्ता काहीही पाडू नका, गिलाव्याला हात लावू नका, आणि म्युझियम हा शब्द वर्षभर तरी ठरावात येऊ देऊ नका.

अर्थात मी घर पाहिलेलं नाही, त्यामुळे बऱ्याच गोष्टी परिस्थितीवर आहेत. घराभोवती जमीन किती उरली आहे, दोन-चार एकर का नुसतं अंगण, त्यावर पुढचं बरंच ठरतं. सगळे वारस खरंच एकमताचे आहेत का? टाउनशिपचं स्वतःचं ऐतिहासिक ऑर्डिनन्स, म्हणजे जुन्या वास्तूंसाठीचा स्थानिक कायदा, आहे का? घरात कुणी राहतंय का रिकामं आहे? आणि आजींची कागदपत्रं अजून घरातच आहेत का कुणी नेली? ही उत्तरं मिळाली की पुन्हा लिहा, काही सल्ले बदलतील.

आधी कायद्याचं बोलते, कारण तिथे वेळ निघून जातो. समितीत कुणीतरी "घर नॅशनल रजिस्टरवर आहे म्हणजे सेफ आहे" असं म्हणाल्याचं तुम्ही लिहिलंय. हा गैरसमज मी खूप गावांत ऐकलाय. नॅशनल रजिस्टर ही जुन्या वास्तूंची राष्ट्रीय यादी, तिच्यावर नाव असणं हा मान आहे, आणि केंद्र सरकारचा पैसा किंवा परवाना लागणारं काही काम, समजा हायवे किंवा पूल, तिथून जाणार असेल तर त्या घराचा विचार करावा लागतो. पण खासगी मालकाने स्वतःच्या खर्चाने उद्या घर पाडायचं ठरवलं तर रजिस्टर त्याचा हात धरत नाही. अडवू शकतं ते तुमच्या टाउनशिपचं ऑर्डिनन्स, आणि त्याहून पक्कं म्हणजे प्रिझर्वेशन ईझमेंट. हा जतनाचा करार मिळकतीच्या डीडबरोबर, म्हणजे मालकीच्या दस्ताबरोबर, नोंदवला जातो आणि मालक बदलला तरी पुढच्या मालकाला लागू राहतो, त्यात काय बदलायला बंदी, काय विचारून करायचं, वर्षातून एकदा पाहणी कोण करणार हे सगळं लिहिता येतं. इथे एक मेख आहे. टाउनशिपच घराची मालक आणि ईझमेंटही टाउनशिपच्याच ताब्यात असं झालं तर त्याला अर्थ उरत नाही, स्वतःच स्वतःला अडवायचं कसं? म्हणून ईझमेंट तिसऱ्या संस्थेकडे हवी, तुमच्या भागात लँड ट्रस्ट (जमिनी राखणाऱ्या संस्था) आणि प्रिझर्वेशन संस्था हे काम करतात. आणि ते वारसांनी घर हस्तांतरित करायच्या आधी उरकलेलं बरं, ईझमेंट दान केल्याबद्दल त्यांना टॅक्समधे सूटही मिळू शकते, मात्र त्याचे नियम काटेकोर आहेत, तिथे वकील आणि अप्रेझर (मिळकतीचं मूल्य ठरवणारा) लागतोच. आत कुठल्या खोल्यांना संरक्षण हवंय तेही करारात नाव घेऊन लिहा, नाहीतर ईझमेंट नुसत्या दर्शनी भागाची होते आणि आतला मूळ जिना, कोपऱ्यातल्या चुली सगळं वाऱ्यावर.

आता घराकडे. दगडी घराचा शत्रू पाणी आहे, आणि अडीचशे-पावणेतीनशे वर्षं उभं राहिलेलं घर गेल्या पन्नास-साठ वर्षांतल्या दुरुस्त्यांनी जास्त बिघडलेलं असतं हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. तुम्ही पाठवलेल्या वर्णनात "मागच्या भिंतीचे दगड पापुद्र्यांसारखे सुटतायत" असं एक वाक्य आहे, माझ्या दृष्टीने तुमच्या पूर्ण पत्रातली सगळ्यात महत्त्वाची माहिती तीच. फिलाडेल्फियाच्या आसपासचा विसाहिकन शिस्ट हा अभ्रकाचा, थरांचा दगड आहे. जुन्या बांधकामात दरजा, म्हणजे दगडांमधल्या फटी, चुन्याच्या मसाल्याने भरलेल्या असतात. भिंतीत ओल शिरली तर ती चुन्यातून बाहेर पडते, झिज होते ती दरजेची, दगड वाचतो, आणि काही दशकांनी दरजा पुन्हा भरल्या की झालं. विसाव्या शतकात कुणीतरी त्याच दरजा पोर्टलंड सिमेंटने भरतो. सिमेंट दगडापेक्षा कडक, त्यातून वाफ बाहेर पडत नाही, मग ओल दगडातच अडकते, हिवाळ्यात गोठून फुगते आणि दगडाचा थर सुटून येतो. पुण्यात चुन्याच्या घाणीत (दळायच्या चक्कीत) मळलेल्या चुन्यावर ज्याने काम केलंय त्याला हे वेगळं सांगावं लागत नाही, तिकडेही वाड्यांच्या जोत्याला सिमेंटचा गिलावा मारला की वरच्या भिंतीत ओल चढते, तोच प्रकार. त्यामुळे काँट्रॅक्टर "मजबूत सिमेंटने पॉइंटिंग करून देतो" म्हणाला तर त्याला परत पाठवा. जुन्या मसाल्याचा नमुना लॅबमधे तपासून घ्या, त्यातली वाळू कुठल्या रंगाची, किती जाडीची हे कळतं, मग तसाच चुन्याचा मसाला बनवता येतो. आणि हे काम वसंतापासून शरद ऋतूच्या सुरुवातीपर्यंतच करायचं, चुना पक्का होण्याआधी थंडीने गोठला तर सगळं वाया.

पण दरजांच्याही आधी पन्हळी बघा. पावसात छत्री घेऊन घराभोवती फिरा, पाणी कुठे पडतं, कुठे साचतं, जमिनीचा उतार घराकडे आहे का घरापासून लांब, तळघराच्या कुठल्या भिंतीला ओल आहे, हे सगळं फोटो काढून नकाशावर मांडा. हे करायला आर्किटेक्टची गरज नाही. मी बघितलेल्या कितीतरी घरांत लाखभर डॉलरच्या "फाउंडेशन प्रॉब्लेम"चं मूळ एका तुटलेल्या पन्हळीत निघालंय.

गिलावा काढण्याबद्दल. उघडा दगड म्हणजे जुना लुक असं इथे सगळ्यांच्या डोक्यात बसलंय, पण ही आवड बरीचशी विसाव्या शतकातल्या कलोनियल रिव्हायव्हलची, म्हणजे वसाहतकाळाची शैली पुन्हा आणायच्या लाटेची आहे. त्या काळात घडीव दगडाचा दर्शनी भाग उघडा ठेवत असत, पण ओबडधोबड दगडाच्या बाजूच्या आणि मागच्या भिंतींना कित्येकदा चुन्याचा गिलावा किंवा सफेदी असायची. तुमच्या घराचा गिलावा १७४० चा असेल, १८४० चा असेल किंवा सिमेंटचा असेल. तीनही गोष्टींचा उपाय वेगवेगळा आहे. छोटा तुकडा तपासल्याशिवाय हातोडी लावू नका.

आता "१७४० सारखं" करण्याचा मुद्दा, यावर मला जरा जास्त बोलायचंय. अमेरिकेत केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांत जुन्या वास्तूच्या कामाचे चार प्रकार मानलेत. आहे ते सांभाळणं, नव्या वापरासाठी जुळवून घेणं, एका ठरावीक काळात परत नेणं, आणि नाहीसं झालेलं पुन्हा बांधणं. तुमची समिती तिसरा प्रकार म्हणतेय, पण पुरावा नसेल तर तो नकळत चौथा होतो, कारण १७४० ची खिडकी कशी होती हे माहीत नसेल तर तुम्ही ती कल्पनेने बांधणार. याचं टोकाचं उदाहरण तुमच्यापासून फार लांब नाही, पेनसिल्व्हेनियाचा संस्थापक विल्यम पेन याची पेन्सबरी मॅनर. मूळ घर केव्हाच नाहीसं झालं होतं, १९३० च्या दशकात जुन्या पायावर आर्किटेक्ट ओकी यांनी ते नव्याने उभं केलं. सुंदर आहे, शाळेच्या मुलांना आवडतं, पण त्याच्या अचूकपणावर तेव्हापासून वाद आहे, आणि खरं सांगायचं तर तिथे उभं राहून आपण पेनच्या काळापेक्षा १९३० च्या दशकाला पेनचा काळ कसा वाटत होता ते बघतो. तिथे निदान पाडायला काही उरलं नव्हतं. तुमच्याकडे खरं घर उभं आहे.

याच्या उलट फिलाडेल्फियाच्या जर्मनटाउन भागातलं विक नावाचं जुनं घर बघून या, समितीला बसमधे घालून घेऊन जा. सतराव्या शतकाच्या शेवटापासून १९७३ पर्यंत एकाच क्वेकर कुटुंबाच्या नऊ पिढ्या तिथे राहिल्या. १८२४ मधे विल्यम स्ट्रिकलंड या त्या काळच्या नामवंत आर्किटेक्टने घराच्या आतली रचना बदलली, आणि आज ते बदल म्हणजेच घराचं वैशिष्ट्य आहे. उद्या कुणी म्हणालं स्ट्रिकलंडचं काम काढा, १६९० सारखं करा, तर आपण त्याला वेड्यात काढू. तिथली गुलाबाची बागही १८२० च्या दशकातली, जेन बाऊन हेन्स या सुनेने लावलेली, त्यातल्या जुन्या जातींचे गुलाब आजही फुलतात. तेव्हा तुमच्या घराची लाकडी विंग "नंतरची" आहे एवढ्यावर ती बिनमहत्त्वाची ठरत नाही. कुणासाठी बांधली? कामवाल्या बाईसाठी, लग्न न झालेल्या आत्यासाठी, का उन्हाळ्यातल्या स्वयंपाकासाठी? ते कळेपर्यंत ती पाडायचा अधिकार कुणालाच नाही असं मी म्हणेन. केंद्रीय तत्त्वांतही हेच आहे, नंतरच्या बदलांना स्वतःचं महत्त्व आलं असेल तर ते राखायचे.

जेन बाऊन हेन्सचं माहेर म्हणजे न्यूयॉर्कचं बाऊन कुटुंब, आणि तिथे आपल्या लोकांचा एक धागा जुळतो. क्वीन्समधल्या फ्लशिंगच्या गणपतीला बरेच मराठी लोक जातात, खालच्या कँटीनमधे डोसा खातात, त्या देवळाचा पत्ता बाऊन स्ट्रीट. १९७७ मधे त्या देवळाची प्रतिष्ठापना झाली. त्याच रस्त्यावर उत्तरेकडे चालत गेलं की जॉन बाऊनचं घर आहे, त्याचा सगळ्यात जुना भाग १६६१ च्या सुमाराचा. तेव्हा तिथे डचांचं राज्य होतं, गव्हर्नर स्टाइव्हसंटने क्वेकरांच्या प्रार्थनेला बंदी घातली होती. १६५७ मधे फ्लशिंगच्या रहिवाशांनी त्याविरुद्ध लेखी निवेदन दिलं, आणि १६६२ मधे बाऊनने स्वतःच्या घरात क्वेकरांना जमू दिलं म्हणून त्याला अटक झाली. दंड भरायला नकार दिला म्हणून हद्दपार केलं, तो ॲमस्टरडॅमला पोचला, डच वेस्ट इंडिया कंपनीपुढे आपली बाजू मांडली, आणि १६६३ मधे कंपनीने स्टाइव्हसंटला लिहिलं की लोकांच्या सदसद्विवेकावर जबरदस्ती करू नका. त्या रस्त्यावर आणि आसपास आज देऊळ, गुरुद्वारा, सिनेगॉग, चर्च सगळं आहे. मी इथल्या मराठी मित्रमंडळींना नेहमी सांगते की दर्शन झालं की पंधरा-वीस मिनिटं पुढे चालत जा.

बाऊनचं घर तुमच्यासाठी दुसऱ्या कारणाने महत्त्वाचं आहे. तिथेही नऊ पिढ्या एकच कुटुंब, खोल्या वाढत गेल्या, छप्पर उंचावलं गेलं, आणि १९४५ मधे लोकांनी सोसायटी स्थापून ते वाचवलं, १९४७ पासून म्युझियम झालं. तुमच्या समितीला जे करायचंय नेमकं तेच. पण पुढे काय झालं तेही बघा. दुरुस्तीसाठी ते बरीच वर्षं बंद ठेवावं लागलं, आणि २००९ मधे सोसायटीने घराची मालकी न्यूयॉर्क शहराला दिली, आता इमारत शहराची आणि वस्तू-कागद-कार्यक्रम सोसायटीचे अशी वाटणी आहे. एवढं मोठं नाव, एवढा मोठा इतिहास, तरी एकट्या सोसायटीला ते घर कायमचं पेलणं जड गेलं. म्हणून तुम्ही पहिल्या दिवसापासून वाटणी करून घ्या, छप्पर कोणाचं, कागद कोणाचे, सोमवारी सकाळी पाइप फुटला तर फोन कोणाला.

कागदांकडे वळते, कारण क्वेकर घराचं खरं धन तिथे आहे आणि तेच सगळ्यात आधी फेकलं जातं. हे लोक साधेपणाने राहायचे, कोरीवकाम, सोनेरी मुलामा नाही, पण लिहून ठेवण्यात मात्र अतिशय चोख. त्यांच्या दरमहा होणाऱ्या बैठकीचं इतिवृत्त असायचं, पुरुषांचं वेगळं आणि बायकांचं वेगळं, म्हणजे अठराव्या शतकातल्या सामान्य घरातल्या बायकांचे निर्णय बायकांच्याच हातचे लिहिलेले सापडतात, हे इतर समाजांत किती दुर्मिळ आहे बघा. लग्न झालं की दाखल्यावर हजर असलेल्या सगळ्यांच्या सह्या, गाव बदललं की शिफारसपत्र, बाहेरच्याशी लग्न केलं म्हणून काढून टाकलं तर त्याचीही नोंद. तुमच्या भागातली ही दप्तरं मुख्यतः हॅवरफर्ड आणि स्वार्थमोर या दोन कॉलेजांच्या ग्रंथालयांत आहेत, बरीचशी ऑनलाइनही आलीत. वाचताना एक लक्षात ठेवा, क्वेकर महिन्यांची नावं न लिहिता आकडे लिहायचे, आणि १७५२ पूर्वी पहिला महिना म्हणजे मार्च. हे माहीत नसलं की घर दोन महिने आधी बांधलं आणि लग्न नंतर झालं असले गोंधळ होतात.

याशिवाय घराच्या मालकाच्या मृत्यूनंतर कोर्टात दिलेली मालाची यादी शोधा, ती कित्येकदा खोलीवार असते, कुठल्या खोलीत पलंग, कुठे चरखा, कुठे धान्य. आणि १७९८ च्या केंद्रीय कराची यादी. पेनसिल्व्हेनियाच्या पुष्कळ टाउनशिपसाठी त्यात घराची लांबी-रुंदी, मजले, दगड का लाकूड, खिडक्या किती आणि त्यांना तावदानं किती, बाहेर स्वयंपाकघर किंवा गोठा होता का, एवढं सगळं असतं. तुमच्या समितीला जुनी खिडकी कशी होती हा प्रश्न पडलाय ना, त्याचं उत्तर तिथे सापडायची शक्यता आहे. १९३३ पासून सरकारने जुन्या इमारतींची मोजमापं आणि फोटो करून ठेवलेत, ते लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर फुकट मिळतात, त्यात तुमचं घर आहे का तेही बघा.

"१७४०" ही तारीख तरी कुठून आली? दगडावर कोरलेली आहे का कुणीतरी सांगितली? साउथ जर्सीतल्या क्वेकर विटांच्या घरांवर तर नवरा-बायकोची आद्याक्षरं आणि साल चकाकत्या विटांनी भिंतीतच विणलेलं असतं, सेलम काउंटीतल्या हॅनकॉक हाऊसवर विल्यम आणि सारा यांची अक्षरं आणि १७३४ असं आहे. तसं काही नसेल तर तुळयांची वलयं मोजून घेता येतात. ओकच्या तुळईला सालीची कड शिल्लक असेल तर झाड कुठल्या हिवाळ्यात तोडलं इथपर्यंत सांगता येतं, आणि त्या काळी लाकूड बहुतेक ओलंच वापरायचे, म्हणजे बांधकाम त्यानंतर वर्ष-दोन वर्षांत. हा खर्च तुमच्या बजेटमधे बसेल, आणि घर १७२५ चं किंवा १७६० चं निघालं तर समितीतला अर्धा वाद आपोआप मिटेल.

कागद वाचायला लागलात की काही गोष्टी समोर येतील ज्या समितीतल्या काहींना आवडणार नाहीत. त्याची तयारी ठेवा. क्वेकर म्हटलं की गुलामीला विरोध करणारे असं सगळे धरून चालतात. विरोध होता हे खरंच, १६८८ मधे जर्मनटाउनमधल्या चौघांनी गुलामीविरुद्ध लेखी निषेध नोंदवला, तो कागद दोनदा हरवला आणि २००५ मधे फिलाडेल्फियाच्या आर्च स्ट्रीट मीटिंग हाऊसच्या तिजोरीत पुन्हा सापडला. पण त्या निषेधानंतरही कित्येक क्वेकर घरांत गुलाम होतेच, खुद्द पेनकडे होते. फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने १७५८ मधे गुलामांचा व्यापार करणाऱ्यांना कामकाजातून दूर केलं, आणि गुलाम बाळगणाऱ्याला सभासद ठेवायचं नाही हा निर्णय व्हायला १७७६ उजाडलं. तुमचं घर १७४० चं असेल तर मधली छत्तीस वर्षं तुम्हाला बघावीच लागतील. इस्टेटीच्या यादीत, कर-यादीत, मुक्त केल्याच्या दाखल्यात नावं शोधा.

फिलाडेल्फियातलं स्टेंटन यासाठी बघण्यासारखं आहे. जेम्स लोगन या पेन कुटुंबाच्या कारभाऱ्याचं १७३० पर्यंत पूर्ण झालेलं घर. तिथे डायना नावाची बाई गुलाम होती, तिने स्वतः मागणी करून १७७६ मधे मुक्तता मिळवली, आणि १७७७ मधे ब्रिटिश सैनिक घर जाळायला आले तेव्हा तिने शिताफीने त्यांना भलतीकडे अडकवून घर वाचवलं असं परंपरेने सांगतात. आता तिथे तिची गोष्ट घराच्या मालकाच्या गोष्टीइतकीच ठळक सांगतात. त्याच लोगनचा १७३७ च्या वॉकिंग पर्चेसमधे मोठा वाटा होता, लेनापी या इथल्या मूळ रहिवाशांची प्रचंड जमीन ज्या फसवणुकीने घेतली गेली तो व्यवहार. तुमच्या घराच्या डीडची साखळी मागे नेत गेलात तर तीही कुठेतरी लेनापींच्या जमिनीपाशी पोचते. हे सांगितल्याने त्या कुटुंबाचा अपमान होतो असं मला अजिबात वाटत नाही. सत्य बोलण्यावर ज्या लोकांनी एवढा भर दिला, कोर्टात शपथ घ्यायला नकार दिला कारण शपथेशिवायही खरंच बोलायचं असतं, त्यांच्या घरात अर्धी गोष्ट सांगणं मला त्यांच्याशीच विसंगत वाटतं.

आणि एक, तुमच्या भागातली फ्रेंड्स मीटिंग (क्वेकरांची प्रार्थनासभा) अजून चालू असेल तर तिथे जाऊन बसा. शांत प्रार्थना असते, कुणालाही जाता येतं. तुमच्या समितीत एकही क्वेकर नाही असं दिसतंय, ते बरं नाही, हा समाज काही इतिहासजमा झालेला नाही. जमिनीवर कुठे दफनभूमी आहे का हेही त्यांनाच विचारा, जुने क्वेकर थडग्यावर दगड लावत नसत, त्यामुळे पार्किंगसाठी खोदताना अचानक हाडं निघू शकतात.

म्युझियमचं आता. घर कुटुंबासाठी बांधलंय, चाळीस मुलांच्या सहलीसाठी नाही. लोकांना आत घ्यायचं ठरवलं की वापर बदलतो, मग बाहेर पडायचे दोन मार्ग, व्हीलचेअरसाठी रॅम्प, टॉयलेट, सेप्टिकची क्षमता, पार्किंग, वरच्या मजल्याच्या वाशांवर किती वजन चालेल, सगळे प्रश्न येतात, आणि त्यांच्यासाठी केलेले बदल कधीकधी त्या पाडायच्या विंगपेक्षा जास्त नुकसान करतात. गंमत म्हणजे ती विंग असेल तर टॉयलेट आणि रॅम्प तिथे बसवता येतो आणि जुन्या भागाला धक्काही लागत नाही!

पैशाचं गणित करून बघा. विमा, हीटिंग, अलार्म, गवत कापणं, एक अर्धवेळ माणूस, दरवर्षी थोडी दुरुस्ती, समजा काटकसरीने ५० हजार डॉलर. हे व्याजातून भागवायचं तर ४ टक्क्यांच्या हिशोबाने साडेबारा लाख डॉलर कायम गुंतवलेले लागतात, आणि नवीन छप्पर त्यात नाही. तिकिटांतून हे निघत नाही. पेनसिल्व्हेनियाच्या राज्य आयोगाची कीस्टोन ग्रँट, न्यू जर्सीत हिस्टॉरिक ट्रस्टच्या ग्रँट, या चांगल्या आहेत, पण बहुतेक ठिकाणी तेवढेच किंवा काही हिस्सा पैसे तुम्हाला घालावे लागतात, आणि ग्रँट बांधकामाला मिळते, वीजबिलाला नाही. २० टक्क्यांचं केंद्रीय टॅक्स क्रेडिट उत्पन्न देणाऱ्या इमारतींनाच लागू होतं, नुसत्या राहत्या घराला नाही.

म्हणून पर्याय मोकळे ठेवा. ईझमेंट लावून एखाद्या प्रेमाने राहणाऱ्या कुटुंबाला विकणं, हा पराभव नाही, कित्येक घरं अशीच उत्तम टिकलीत. मेरीलँड, डेलावेअर, मॅसॅच्युसेट्समधे सरकारी मालकीची जुनी घरं अशा लोकांना दीर्घ मुदतीवर राहायला देतात जे भाड्याऐवजी स्वतःच्या खर्चाने दुरुस्ती करतात, तुमच्या टाउनशिपलाही तसा करार करता येईल का ते वकिलाला विचारा. किंवा वर राखणदार कुटुंब, खाली दोन खोल्या महिन्यातून एक-दोनदा उघड्या, आणि जमीन असेल तर त्यावर भाजीची शेती, विकमधे शेती आणि बागेमुळेच आसपासची माणसं पुन्हा पुन्हा येतात. राहतं घर कधीही रिकाम्या घरापेक्षा चांगलं टिकतं, कारण गळती पहिल्या दिवशी कुणाच्या तरी डोक्यावर पडते.

मग या हिवाळ्यात काय करायचं? वारसांना आजच फोन करून सांगा की माळा आणि तळघर साफ करायला डंपस्टर (कचऱ्याची मोठी पेटी) मागवू नका, खोकी, वह्या, बिलं, कापडं जिथे आहेत तिथे राहू द्या, नंतर कॉलेजच्या ग्रंथालयातलं कुणी येऊन बघेल. घर रिकामं असेल तर विमा कंपनीला तसं कळवा, कारण रिकाम्या घराला साध्या पॉलिसीचं संरक्षण बऱ्याचदा मिळत नाही. पाइपांतलं पाणी काढून टाका किंवा हीटिंग कमी तापमानावर चालू ठेवा, धूर आणि पाण्याचे अलार्म लावा, पन्हळी साफ करा, छप्पर गळत असेल तर ताडपत्री नीट बांधा. कुणी उत्साहाने जुना रंग खरवडायला घेतला तर थांबवा, १९७८ च्या आधीच्या रंगात शिसं असू शकतं, शिवाय त्या थरांत घराच्या रंगांचा पूर्ण इतिहास आहे, तो मायक्रोस्कोपखाली वाचता येतो. मग वसंत ऋतूपर्यंत हिस्टॉरिक स्ट्रक्चर रिपोर्टसाठी, म्हणजे घराचा इतिहास आणि आजची स्थिती मांडणाऱ्या तज्ज्ञांच्या अहवालासाठी, पैसे जमवा. समितीने पहिला मोठा खर्च त्यावर करावा, कारण पुढची प्रत्येक ग्रँट मागताना तो रिपोर्ट विचारला जातो.

मागच्या भिंतीचे जवळून फोटो, माळ्यावरून दिसणारे छपराचे वासे, आणि विंग जिथे दगडी घराला जोडली आहे तो सांधा, एवढे फोटो टाकलेत तर विंग साधारण कुठल्या काळातली आणि कुठल्या तुळयांचे नमुने घेण्यासारखे आहेत ते सांगू शकेन.